यूएसबीचे ते दोन बग: जास्तीचा पाहुणा आणि खरकटं ताट

लिनक्स कर्नलमधल्या, म्हणजे अँड्रॉइड फोनही ज्यावर चालतो त्या सिस्टिमच्या गाभ्यातल्या, सीव्हीई-२०२४-५३१०४ आणि सीव्हीई-२०२४-५०३०२ या दोन बगांना (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीला दिलेला क्रमांक) लोक सर्रास एकाच पोत्यात घालतात, "तो यूएसबीवाला मेमरीचा बग ना, त्याचा पॅच आला की". दोन्ही यूएसबीचे, दोन्ही मेमरीचे, दोन्हींची दुरुस्ती जेमतेम एका ओळीची, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे. पण एकाचं औषध दुसऱ्याला अजिबात लागू पडत नाही, आणि ते का पडत नाही हे कळलं की दोन्ही बग पक्के डोक्यात बसतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. यूएसबीला काहीही लावलं की ते डिव्हाइस स्वतःची ओळख सांगतं, मी कॅमेरा, माझे हे हे फॉरमॅट, या या फ्रेम साइझ. ही माहिती कर्नल स्वतः वाचतो आणि फोन लॉक असला तरी वाचू शकतो, म्हणजे समोरचं डिव्हाइस कोणाचंय हे माहीत नसताना त्याचं बोलणं ऐकून घेतलं जातं.

आता ५३१०४. हा वेबकॅमच्या ड्रायव्हरमधला, म्हणजे वेबकॅम चालवणाऱ्या यूव्हीसीव्हिडिओ नावाच्या कोडमधला. पंगतीचं उदाहरण घ्या. आधी एक जण माणसं मोजून जातो, तेवढीच पानं मांडतात, मग दुसरा येऊन माणसं बसवतो. हा ड्रायव्हर तसाच चालतो, पहिल्या फेरीत फ्रेम मोजायच्या, तेवढी मेमरी घ्यायची, दुसऱ्या फेरीत त्या मेमरीत फ्रेम भरायच्या. घोळ इथे होता की मोजणाऱ्याचा नियम वेगळा आणि बसवणाऱ्याचा वेगळा. डीव्ही या व्हिडिओ फॉरमॅटला स्वतंत्र फ्रेम डिस्क्रिप्टर, म्हणजे फ्रेमची माहिती सांगणारे तुकडे, नसतातच म्हणून त्याच्यासाठी फ्रेमचा प्रकार शून्य, 'अनडिफाइंड' ठेवलेला, आणि शून्य प्रकारच्या फ्रेम मोजणारा धरतच नव्हता. पण बसवणारा फक्त प्रकार जुळतो का एवढंच बघायचा, त्यामुळे कोणी मुद्दाम शून्य प्रकारचा डिस्क्रिप्टर पाठवला तर शून्याला शून्य जुळला, या म्हणाला बसा, आणि पान मांडलेलं नसताना वाढायला सुरुवात! ते वाढलेलं शेजारच्याच्या पानात पडणार, म्हणजे कर्नलच्या दुसऱ्याच कुठल्यातरी मेमरीवर लिहिलं जाणार. यालाच आउट ऑफ बाउंड्स राइट म्हणतात. दुरुस्ती काय, तर फ्रेम एकेक करून भरणाऱ्या व्हाइल लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडच्या) सुरुवातीला एक अट टाकली की प्रकार शून्य असेल तर आत जायचंच नाही. हा कोड २००८ च्या २.६.२६ आवृत्तीपासून तसाच होता, दुरुस्ती २०२४ च्या नोव्हेंबरात आली.

५०३०२ मध्ये मात्र मोजणी चुकलेलीच नाही. हा एचआयडीचा, म्हणजे कीबोर्ड, माउस, टचपॅड सांभाळणाऱ्या कोडचा. तिथे रिपोर्टसाठी, म्हणजे या डिव्हाइसशी होणाऱ्या माहितीच्या देवाणघेवाणीसाठी, जो बफर (मेमरीतली तात्पुरती जागा) घेतात तो केमॅलॉक हे कर्नलचं फंक्शन वापरून घेतला जायचा, आणि केमॅलॉक मेमरी देतो पण पुसून देत नाही. पंगतीतच सांगायचं तर पानं बरोब्बर मोजून मांडली, पण ताटं न विसळता मांडली, आणि वाढप्याने ताट पूर्ण भरलं नाही तर उरलेल्या जागेत आधीच्या माणसाचं खरकटं दिसतं. मुद्दाम घडवलेल्या रिपोर्टने हे खरकटं बाहेर काढता येत होतं, कर्नलच्या मेमरीतलं कुठलंतरी जुनं काहीतरी. दुरुस्ती म्हणजे केमॅलॉकच्या जागी केझॅलॉक, देतानाच सगळं शून्य करून द्यायचं.

आता अदलाबदल करून बघा. पहिल्या बगात केझॅलॉक लावला तर ताटं लख्ख, पण जास्तीचा पाहुणा तरीही बसणारच. दुसऱ्यात हद्दीची अट टाकली तर ती कधी लागूच होणार नाही, कारण हद्द कोणी ओलांडलेलीच नाही. म्हणून मला "मेमरी बग" हा शब्द खटकतो, त्यातून दुखणं कळत नाही.

अजून एक, आणि हे मनापासून सांगतोय. गांभीर्याच्या दहापैकी गुणांत पहिल्याला ७.८ आणि दुसऱ्याला ५.५, मग लोक म्हणतात दुसरा मध्यम आहे, बघू नंतर. असं करू नका. आजकाल कर्नल मेमरीत कुठे बसलाय ते दर बूटला बदलतं, त्यामुळे नुसतं हद्दीबाहेर लिहिता येऊन भागत नाही, कुठे लिहायचं तेही कळावं लागतं, आणि अशा गळतीतूनच तो पत्ता हाती लागू शकतो. सर्बियात डिसेंबर २०२४ मध्ये एका आंदोलक विद्यार्थ्याचा लॉक असलेला अँड्रॉइड फोन यूएसबीतून उघडला गेला, अ‍ॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या सिक्युरिटी लॅबने फेब्रुवारी २०२५ मध्ये ते प्रसिद्ध केलं, त्या तपासात हे दोन्ही बग आणि साउंड ड्रायव्हरमधला तिसरा, ५३१९७, असे तीनही समोर आले.

अँड्रॉइडमध्ये हे पॅच एकदम आले नाहीत. ५३१०४ फेब्रुवारी २०२५ च्या मासिक सिक्युरिटी बुलेटिनमध्ये, ५०३०२ मार्चच्या, ५३१९७ एप्रिलच्या. सेटिंग्जमध्ये 'फोनबद्दल' मध्ये जाऊन सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा, ५ एप्रिल २०२५ किंवा त्यानंतरची असेल तर तिन्ही दुरुस्त्या आत आहेत, ५ फेब्रुवारीची असेल तर जास्तीच्या पाहुण्याची सोय झालीय पण ताटं विसळली गेलीयत याची खात्री नाही.