ज्याँ व्हिगो : पावणेतीन तासांची कारकीर्द

हे पत्रक आमच्याकडून प्रोजेक्टर, पडदा आणि ‘व्हिगो संच’ भाड्याने घेणाऱ्या सोसायट्या, वाचनालयं आणि महाविद्यालयांसाठी आहे. संचात चारच चित्रपट आहेत. एवढेच का, असं बुकिंग करताना हमखास विचारलं जातं. ज्याँ व्हिगो या फ्रेंच दिग्दर्शकाने केलेच एवढे. चारही मिळून साधारण पावणेतीन तास भरतात. वयाच्या २९ व्या वर्षी तो वारला.

बाकीचे प्रश्न कार्यक्रम चालू असताना फोनवर येतात. पडद्याच्या दोन्ही कडा काळ्या का, आवाज पेटीतून आल्यासारखा का, गोष्ट मध्येच उडी का मारते? यातलं काय आमच्या यंत्राचं आणि काय १९३० च्या दशकातल्या फ्रान्सचं, हे आधी माहीत असलेलं बरं. त्यासाठी माणसाबद्दल थोडं सांगावं लागेल.

माणूस

जन्म पॅरिसचा, २६ एप्रिल १९०५. वडील अराजकवादी पत्रकार. ते मिगेल अल्मेरेदा या नावाने लिहायचे आणि ‘ल बॉने रूज’ नावाचं वर्तमानपत्र चालवायचे. पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना, या पत्राला जर्मनांकडून पैसा येतो असा आरोप झाला. ऑगस्ट १९१७ मध्ये अल्मेरेदांना अटक झाली आणि त्याच महिन्यात फ्रेन तुरुंगाच्या कोठडीत ते मेलेले सापडले. गळ्याभोवती बुटाच्या नाडीचा फास होता. सरकारने आत्महत्या म्हटलं, पुष्कळांना ते पटलं नाही. ज्याँ तेव्हा १२ वर्षांचा होता.

देशद्रोह्याचा मुलगा म्हणून कुणी बोट दाखवू नये, यासाठी त्याचं नाव बदलून त्याला दक्षिणेत मियो गावच्या वसतिगृहात ठेवलं. तिथे तो ज्याँ साल या नावाने राहिला. सुट्टीत जायचा ते माँपेलिएला, सावत्र आजोबांकडे. ते छायाचित्रकार होते. कॅमेरा त्याने पहिल्यांदा तिथेच हाती धरला. वसतिगृहातली ती वर्षं पुढे त्याच्या तिसऱ्या चित्रपटात जशीच्या तशी उतरली.

मग क्षय. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. हवापालट आणि विश्रांती, एवढाच इलाज. पिरेनीज डोंगरातल्या फाँ-रोमू इथल्या आरोग्यधामात त्याला लिद्यू भेटली. तीही तिथे उपचारासाठीच आलेली, पोलंडमधल्या वुज शहरातल्या कारखानदाराची मुलगी. १९२९ मध्ये दोघांनी लग्न केलं. दोघांच्या छातीला मानवेल अशा हवेत, म्हणजे नीस शहरात, बिऱ्हाड थाटलं. सासऱ्यांनी पैसे दिले. त्यातून जावईबापूंनी घेतला एक जुना, वापरलेला देब्री कॅमेरा!

चित्रपट

‘आ प्रोपो द नीस’ (१९३०, सुमारे २३ मिनिटं) मूकपट आहे. नीस म्हणजे समुद्रकाठचं श्रीमंतांचं विश्रांतीस्थान. हॉटेलं, जुगाराचे अड्डे, कार्निव्हल. व्हिगो आणि त्याचा छायालेखक बोरिस कॉफमन कॅमेरा घेऊन त्या समुद्रकाठच्या रस्त्यावर उतरले. कॉफमन अपंगांच्या चाकाच्या खुर्चीत बसायचा, कॅमेरा झाकलेला, आणि खुर्ची ढकलायला व्हिगो. उन्हात पेंगणाऱ्या बायाबापड्यांना आपलं चित्रण होतंय याचा पत्ता नसायचा. कुणाच्या लक्षात आलं, की चित्रण तिथल्या तिथे थांबायचं. या चकचकाटाशेजारी जुन्या नीसच्या अरुंद बोळातली गरिबी लावलेली आहे. पोटात गोळा यावा इतक्या सरळपणे. पंचविशीतल्या मुलाचं हे पहिलंच काम.

कॉफमनबद्दल एक सांगायलाच हवं. सोव्हिएत माहितीपटांचा मोठा दिग्दर्शक झिगा व्हेर्तोव याचा हा धाकटा भाऊ. व्हिगोचे चारही चित्रपट त्याच्याच कॅमेऱ्यातून आले. पुढे तो अमेरिकेत गेला आणि ‘ऑन द वॉटरफ्रंट’साठी त्याला ऑस्कर मिळालं.

१९३० मध्येच व्हिगोने नीसमध्ये फिल्म सोसायटीही काढली. तुमच्यापैकी जे फिल्म सोसायटी चालवतात, त्यांनी हे सभासदांना आवर्जून सांगावं.

‘तारीस’ (१९३१, सुमारे १० मिनिटं) हे ज्याँ तारीस या फ्रेंच जलतरणपटूवरचं सांगून करवून घेतलेलं काम. हौदाच्या भिंतीतल्या काचेतून पाण्याखालचं चित्रण केलंय. उडी उलटी फिरवल्यामुळे पोहणारा पाण्यातून बाहेर फेकला जातो आणि काठावर उभा राहतो. शेवटी तारीस कोट-टोपी घालून पाण्यावरून चालत निघून जातो. बाकी हात कसे मारावेत वगैरे माहिती आहे. ती आजही पोहणाऱ्याच्या उपयोगाची.

‘झेरो द काँद्युइत’, म्हणजे वर्तणुकीत शून्य (१९३३, सुमारे ४४ मिनिटं). आमच्या मते संचातला सर्वांत जिवंत चित्रपट हाच. वसतिगृहातली चार मुलं शिक्षकांविरुद्ध बंड पुकारतात, एवढीच गोष्ट. मुख्याध्यापक मुलांहूनही बुटका आहे आणि त्याची हॅट त्याचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवलेली असते. एकच शिक्षक मुलांच्या बाजूचा. तो पटांगणात चॅप्लिनची नक्कल करतो, वर्गात टेबलावर हात टेकून उलटा उभा राहतो आणि तसाच चित्र काढतो. ते चित्र हलायला लागतं. जेवणात रोज घेवडा, त्यावरूनही दंगा होतो.

रात्री निजायच्या खोलीत उशांची मारामारी होते, पिसं उडतात आणि अचानक सगळं संथ होतं. मुलं पिसांच्या पावसातून मिरवणूक काढतात. इथे संगीत ऐका. मोरीस जोबेरने चाल लिहिली, मग वादकांकडून ती शेवटच्या सुरापासून पहिल्या सुरापर्यंत उलटी वाजवून घेतली आणि तो ध्वनिमुद्रित पट्टा पुन्हा उलटा फिरवला. त्यामुळे चाल सरळ येते, पण प्रत्येक सूर आधी विरल्यासारखा सुरू होतो आणि मग फुगत जाऊन एकदम तुटतो. नेमक्या याच जागी प्रेक्षकांतून कुणीतरी उठून आमच्या माणसाला सांगतं, स्पीकर बघा. स्पीकर ठीक आहे.

संवाद मात्र खरोखरच अस्पष्ट आहेत. फ्रान्समध्ये बोलपट येऊन तेव्हा तीन-चार वर्षंच झाली होती, पैसा थोडा होता आणि ध्वनिमुद्रण वाईट झालं. फ्रेंच प्रेक्षकांनाही ते धड कळले नव्हते. तेव्हा आमचे मराठी सबटायटल्स चालू ठेवा. गोष्टीच्या उड्यांचंही तसंच. स्टुडिओत मिळालेले दिवस संपत आले होते, लांबीवर मर्यादा होती, काही दृश्यं राहूनच गेली. जोडणारी दृश्यं ठेवायची की चांगली, असं ठरवायची वेळ आली तेव्हा व्हिगोने चांगली ठेवली. आम्हाला विचाराल तर योग्य केलं.

सरकारने बंदी घातली. शाळा, अधिकारी, धर्मगुरू, सगळ्यांची खिल्ली उडवलेली. त्यात दिग्दर्शक अल्मेरेदाचा मुलगा. बंदी उठली ती १९४५ मध्ये.

‘लातालांत’ (१९३४, सुमारे ८९ मिनिटं) हा एकमेव पूर्ण लांबीचा. निर्माता ज्याक-लुई नुनेझ भला माणूस. आधीचा चित्रपट बंदीत अडकलेला असतानाही त्याने व्हिगोला पुन्हा काम दिलं. मात्र या खेपेला पटकथा दुसऱ्याची, साधीशी. कालव्यातून माल नेणाऱ्या पडावाचा नाखवा खेड्यातल्या मुलीशी लग्न करतो. तिला पॅरिस बघायचंय, त्याला मत्सर वाटतो, दोघं दुरावतात. या किरकोळ कथेतून व्हिगोने काय काढलं ते पडद्यावरच बघण्यासारखं आहे.

सगळ्यात आधी झ्यूल काका. पडावावरचा म्हातारा खलाशी, अंगभर गोंदवलेला, मांजरांच्या गोतावळ्यात राहणारा. मिशेल सिमाँने हे काम केलंय. त्याच्या खोलीत नवी नवरी शिरते आणि तो आपला खजिना दाखवत सुटतो: हलणारी बाहुली, कुठल्या कुठल्या बंदरांतून आणलेल्या वस्तू, आणि एका बरणीत मेलेल्या मित्राचे हात! पुढे एकदा तो ग्रामोफोनच्या तबकडीवर नुसतं बोट फिरवतो आणि गाणं वाजू लागतं. बोट थांबलं की गाणं थांबतं. म्हातारा चक्रावतो. शेजारी पोऱ्या अकॉर्डियन वाजवत असतो. (हेही आमच्या स्पीकरचं नाही.)

दुसरं, पाण्याखालचं दृश्य. पाण्यात डोळे उघडले की आपलं माणूस दिसतं, असं बायकोने सांगितलेलं असतं. ती निघून गेल्यावर नाखवा कालव्यात उडी घेतो आणि पाण्यात ती लग्नाच्या पोशाखात त्याच्याभोवती तरंगताना दिसते. तीन वर्षांपूर्वी पोहण्याच्या माहितीपटात शिकलेली युक्ती इथे कामी आली.

चित्रण हिवाळ्यात, उघड्यावर, कडाक्याच्या थंडीत झालं. व्हिगोच्या अंगात ताप असायचा. काम संपत आलं तसं त्याने अंथरूण धरलं. शेवटचं, पडाव वरून दिसतो ते दृश्य त्याच्याशिवाय टिपलं गेलं.

कोणती प्रत

एप्रिल १९३४ मध्ये चित्रपटगृहवाल्यांना खेळ दाखवला, त्यांना तो आवडला नाही. वितरक गोमाँ कंपनीने चित्रपट सुमारे ६५ मिनिटांवर आणला, जोबेरचं संगीत जागोजागी काढून त्या काळी गाजत असलेलं ‘ल शालाँ की पास’ हे गाणं घातलं आणि चित्रपटाचं नावही तेच ठेवलं. सप्टेंबरमध्ये तो लागला आणि थोड्याच आठवड्यांत उतरला. ५ ऑक्टोबर १९३४ ला व्हिगो गेला. मागे लिद्यू आणि तीन वर्षांची मुलगी ल्यूस. लिद्यूही १९३९ मध्ये गेली. ल्यूस मोठी होऊन चित्रपट समीक्षक झाली.

लंडनच्या चित्रपट संग्रहालयात एक जुनी, फारशी न कापलेली प्रत निघाली. तिच्या आधाराने १९९० मध्ये चित्रपट पुन्हा जुळवला गेला. आम्ही ८९ मिनिटांची प्रत देतो. कुणी तासाभराची फाइल आणून ‘हीच लावा, लवकर आटपेल’ म्हणालं, तर आम्ही ती लावत नाही.

जगाने दखल घेतली ती युद्धानंतर. त्याच्या नावाचा पुरस्कार फ्रान्समध्ये १९५१ पासून दिला जातो. १९६० मध्ये तो ज्याँ-ल्यूक गोदार या दिग्दर्शकाच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाला मिळाला. २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश चित्रपट मासिकाने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला, त्यात ‘लातालांत’ बाराव्या स्थानी होता.

कार्यक्रम लावताना

चारही चित्रपट सालवार लावण्याचा आग्रह धरू नका. सुरुवातीला ‘तारीस’ ठेवा. उशिरा येणारे दहा मिनिटांत स्थिरावतात. मग ‘झेरो द काँद्युइत’, चहा, आणि नंतर ‘लातालांत’. नीसचा मूकपट जाणकार मंडळी असतील तरच, नाहीतर पोरंटोरं गोंगाट करतात.

शाळांनी लक्षात घ्यावं: नीसच्या चित्रपटात एका ठिकाणी नग्न स्त्री दिसते. ‘झेरो’मध्ये उशांच्या मारामारीत मुलांचं अंग क्षणभर उघडं पडतं आणि एक शिक्षक विद्यार्थ्याशी नको तेवढी लगट करतो. मुख्याध्यापकांनी आधी एकदा पाहून घ्यावा. मुख्याध्यापक कसे रंगवलेत तेही तेव्हाच कळेल.

चित्र जवळपास चौरस आहे. तेव्हाचा पडदाच तसा होता. डाव्या-उजव्या काळ्या कडा घालवण्यासाठी रिमोटने चित्र ताणू नका; माणसं बुटकी आणि जाड दिसतात आणि कालवा रुंद होतो. ‘लातालांत’मधली बरीच दृश्यं रात्रीची आणि धुक्यातली आहेत, म्हणून हॉलच्या खिडक्यांना जाड पडदे हवेत. पडदे नसतील तर बुकिंग करतानाच सांगा. काळं कापड आम्ही आणतो, त्याचं वेगळं भाडं नाही. मात्र ते लावायला खेळाआधी तासभर हॉल मोकळा लागेल.