प्रादेशिक आर्थिक संघात प्रवेश आणि देशाची शेती

एका भूभागातील देश आपापसांतील आयात शुल्क उतरवून जो व्यापारगट उभारतात, त्याला प्रादेशिक आर्थिक संघ म्हणतात. अशा संघात शिरणाऱ्या देशाच्या शेतीचे काय होणार हे मुख्यतः तीन गोष्टींवरून ठरते : प्रवेशाआधी तिथले भाव संघातील भावांच्या वर होते की खाली, कोणत्या मालाला किती वर्षांची सवड मिळाली, आणि शुल्क गेल्यावर सीमेवर माल अडवणारे दुसरे काय उरले. संघाच्या नावावरून किंवा सह्यांच्या समारंभातील भाषणांवरून यातले काहीच कळत नाही. ते कराराच्या परिशिष्टांत, मालवार तक्त्यांत दडलेले असते.

मुक्त व्यापार क्षेत्रात सदस्य आपसांतले शुल्क काढतात, पण बाहेरच्या देशांसाठीचे शुल्क ज्याचे त्याचे राहते. सीमाशुल्क संघात तेही सामाईक होते. शेतीच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. टंचाईत शुल्क उतरवून धान्य मागवायचे आणि सुगी भरघोस आली की ते चढवायचे, हे हत्यार दुसऱ्या प्रकारात एकट्या सरकारच्या हाती राहत नाही. पूर्व आफ्रिकी समुदायाचा सीमाशुल्क संघ 2005 मध्ये सुरू झाला तेव्हा साखर, तांदूळ, गहू असे जिन्नस ‘संवेदनशील’ ठरवून त्यांवर चढे सामाईक शुल्क लावण्यात आले. गव्हासाठी आयातीवरच विसंबणाऱ्या सदस्यांना ते परवडेना. मग ठरावीक देशांना तात्पुरती सूट द्यायची आणि मुदत संपली की ती वाढवायची, असा पायंडाच पडला.

आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम घालणाऱ्या गॅट कराराचे कलम 24 अशा संघांना मोकळीक देते, पण सदस्यांमधील ‘जवळजवळ सर्व’ व्यापार शुल्कमुक्त व्हावा अशी अट घालते. ‘जवळजवळ’ या शब्दातल्या फटीतून बहुधा शेतीच बाहेर काढली जाते. उत्तर अमेरिकेच्या नाफ्टा करारात कॅनडाने दूध, अंडी आणि कोंबड्या बाजूला ठेवल्या. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाच्या मुक्त व्यापार क्षेत्रात इंडोनेशिया आणि फिलिपिन्स यांनी तांदळासाठी खास वागणूक मागून घेतली.

भावांची उलथापालथ

अर्थशास्त्रज्ञ जेकब व्हायनर यांनी 1950 मध्ये व्यापारनिर्मिती आणि व्यापारवळण असा भेद केला. देशात महाग पडणारा माल शेजारच्या सदस्याकडून स्वस्तात येऊ लागला, तर ती व्यापारनिर्मिती. बाहेरचा खरोखर स्वस्त माल शुल्कामुळे मागे पडून संघातला महागडा माल विकत घ्यावा लागला, तर ते व्यापारवळण. शेतीत दुसरा प्रकार वरचेवर दिसतो, कारण बाहेरच्या शेतमालावरचे शुल्क सहसा सर्वांत उंच असते.

ब्रिटनचे उदाहरण बोलके आहे. तिथे जागतिक भावाने आलेले स्वस्त अन्न खायचे आणि स्वतःच्या शेतकऱ्याला भावातला फरक तिजोरीतून द्यायचा, अशी रीत होती. 1 जानेवारी 1973 रोजी ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेला आणि ही रीत उलटली. समुदायात भाव उंच ठेवले जात आणि बाहेरच्या मालावर आयात-आकार बसे. ब्रिटनमधल्या धान्य पिकवणाऱ्यांचे फावले, भार ग्राहकावर आला आणि न्यूझीलंडच्या लोण्यासाठी वेगळी तरतूद करून कोटा राखून ठेवावा लागला. त्याच दिवशी समुदायात आलेल्या आयर्लंडला मात्र गोमांस आणि दूध यांसाठी चढ्या भावाचा मोठा बाजार मिळाला. प्रवेशाची तारीख एकच. पण एक देश अन्न विकत घेणारा होता, दुसरा विकणारा.

उलट अनुभव फिनलंडचा. थंड हवामानामुळे तिथे उत्पादन खर्च जास्त आणि भावही उंच होते. 1995 मध्ये युरोपीय संघात (आर्थिक समुदायाच्या पुढच्या रूपात) प्रवेश करताना त्यांना टप्पे मिळाले नाहीत. पहिल्याच दिवसापासून शेतमालाचे भाव संघाच्या पातळीवर आले. ही घसरण मोठी होती आणि ती अनुदानांनी भरून काढावी लागली. प्रवेश करारातच 62 व्या अक्षांशाच्या उत्तरेकडील शेतीसाठी दीर्घकालीन राष्ट्रीय मदतीची तरतूद होती. तेव्हापासून फिनलंडच्या शेतकऱ्याच्या उत्पन्नात अनुदानाचा वाटा मोठा झाला.

मेक्सिकोचा मका

या विषयावरच्या चर्चेत सर्वाधिक ओढले जाणारे उदाहरण म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातील नाफ्टा, आणि ते बऱ्याचदा अर्धवटच सांगितले जाते. करार 1 जानेवारी 1994 रोजी लागू झाला. त्याच दिवशी मेक्सिकोच्या च्यापास राज्यात झापातिस्त या आदिवासी शेतकऱ्यांच्या सशस्त्र संघटनेचा उठाव सुरू झाला. मक्यासाठी 15 वर्षांचा टप्पा ठरला होता : कोट्यापुरती आयात शुल्कमुक्त, त्यावरच्या आयातीला चढे शुल्क, आणि 2008 मध्ये सर्व खुले. प्रत्यक्षात मेक्सिकोच्या सरकारने कोट्याबाहेरच्या मक्यावरही ते शुल्क बहुतांशी वसूल केले नाही. शेतकऱ्याला कागदावर मिळालेली सवड अशी सुरुवातीलाच विरघळली. याचे खापर करारावर फोडावे की सरकारवर, हा प्रश्न उरतोच. प्रस्तुत लेखकाच्या मते सरकारचा वाटा मोठा होता.

अमेरिकेचा मका वाढत गेला, भाव पडले, डोंगराळ जिरायती भागातले अल्पभूधारक मजुरीसाठी गाव सोडू लागले. एवढे सर्वांना माहीत असते. पण मेक्सिकोतले मक्याचे एकूण उत्पादन घटले नाही, वाढले. अमेरिकेतून येणारा मका मुख्यतः पिवळा, गुरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याचा. माणसांच्या खाण्यातला पांढरा मका सिनालोआसारख्या राज्यांतल्या मोठ्या बागायती शेतांवर पिकू लागला. टोमॅटो, ॲव्होकॅडो आणि बेरीवर्गीय फळे उत्तरेकडे जाऊ लागली. ज्याच्याकडे पाणी, कर्ज आणि रस्ता होता त्याला बाजार सापडला. डोंगरावरच्या शेतकऱ्याकडे यातले काहीच नव्हते, आणि करारात ते देण्याची सोयही नव्हती. सरकारने प्रोकाम्पो नावाची, क्षेत्रफळावर आधारित रोख मदत सुरू केली. क्षेत्रफळावर पैसे मिळत असल्याने जास्त जमीन असणाऱ्याच्या पदरात जास्त पडले.

शुल्क गेले, तपासणी राहिली

ॲव्होकॅडोची वाटही सरळ नव्हती. किडीच्या भीतीने अमेरिकेने 1914 पासून मेक्सिकोच्या ॲव्होकॅडोला बंदी केली होती, आणि नाफ्टा आला तरी ती उठली नाही. 1997 मध्ये मिचोआकान राज्यातल्या मान्यताप्राप्त बागांचे फळ ईशान्येकडील राज्यांपुरते आणि हिवाळ्यापुरते आत सोडण्यात आले. देशभर वर्षभर विक्री व्हायला 2007 उजाडले. शून्य शुल्काच्या शेजारी वनस्पती-आरोग्याचा नियम उभा असेल, तर शून्याला अर्थ नसतो. पूर्व आफ्रिकी समुदायात 2021 च्या मार्चमध्ये हेच घडले. अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाचे कारण देऊन केनियाने युगांडा आणि टांझानियाचा मका एकाएकी थांबवला, आणि काही दिवसांतच प्रमाणपत्राची अट घालून पुन्हा सोडला. अशा वेळी आरोग्याची काळजी कुठे संपते आणि आपल्या शेतकऱ्याची पाठराखण कुठे सुरू होते, हे बाहेरून सांगणे कठीण असते. मोठा व्यापारी प्रमाणपत्र मिळवतो; सायकलवर पोते लादून सीमा ओलांडणारा अडकतो.

धोरण कोणाचे

युरोपीय संघात शिरणे म्हणजे बाजारासोबत 1962 पासूनचे सामाईक शेतीधोरण स्वीकारणे. उंच हमीभावांमुळे तिथे एकेकाळी लोण्याचे ‘डोंगर’ साचले, 1984 मध्ये दुधावर उत्पादन-कोटे आले (ते 2015 मध्ये उठले), आणि 1992 पासून भावाऐवजी शेतकऱ्याला थेट रक्कम देण्याकडे धोरण वळले. 2004 मध्ये 10 नवे देश आले तेव्हा त्यांच्या शेतकऱ्यांना ही रक्कम पूर्ण मिळाली नाही. पहिल्या वर्षी जुन्या सदस्यांच्या दराच्या 25 टक्के, पुढे टप्प्याटप्प्याने 100 टक्के, असे ठरले. बाजार पहिल्या दिवसापासून समान आणि मदत पावपट, ही बोच पोलंडच्या शेतकऱ्यांनी उघडपणे बोलून दाखवली.

तरीही पोलंडच्या शेतीला प्रवेश एकंदरीत मानवला. तिथले भाव आणि मजुरी दोन्ही कमी असल्याने शेतमालाची आणि प्रक्रिया केलेल्या अन्नाची निर्यात अनेक पटींनी वाढली. किंमत चुकवली ती छोट्या कत्तलखान्यांनी आणि दूध डेअऱ्यांनी. स्वच्छतेचे नवे नियम पाळण्यासाठी भांडवल लागे. ज्यांना ते जमले नाही ते बंद पडले. परदेशी खरेदीदार जमिनी बळकावतील या भीतीने पोलंडने 12 वर्षांचे निर्बंध मागून घेतले, ते 2016 पर्यंत चालले.

जमिनीचा मुद्दा सहसा मागे राहतो, पण तो कळीचा आहे. चढा भाव किंवा एकरी मदत काही वर्षांत जमिनीच्या किमतीत आणि खंडात मुरते. म्हणजे फायदा जमीनमालकाकडे सरकतो. खंडाने कसणाऱ्याला तेच पैसे मालकाला मोजावे लागतात आणि नव्याने शेतीत येणाऱ्याला जमीन महाग पडते.

यातला नेमका किती परिणाम संघाचा, हे वेगळे काढणे अवघड असते. मेक्सिकोत 1992 मध्ये सामूहिक जमिनींचा कायदा बदलला आणि 1994 अखेरीस चलन कोसळले. ब्राझीलने 1990 मध्ये गव्हाची सरकारी खरेदी सोडली आणि 1991 च्या करारातून मेर्कोसुर हा दक्षिण अमेरिकेतील व्यापारगट साकारला. अर्जेंटिनाच्या गव्हाने ब्राझीलच्या गहू उत्पादकांना मागे रेटले, पण दार आधीच अर्धे उघडलेले होते.

बाहेर राहणे आणि बाहेर पडणे

नॉर्वेच्या मतदारांनी 1972 आणि 1994 अशा दोन सार्वमतांत युरोपीय समुदायाचे, पुढे संघाचे, सदस्यत्व नाकारले. शेतकरी आणि मच्छीमार विरोधाच्या अग्रभागी होते. युरोपीय आर्थिक क्षेत्रात नॉर्वे आला, पण सामाईक शेतीधोरण बाहेर ठेवून. भारताने नोव्हेंबर 2019 मध्ये आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातून अंग काढून घेतले, त्यात दूध उत्पादकांच्या विरोधाचा भाग होता. ब्रिटन तर 2020 मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडला आणि 2023 मध्ये न्यूझीलंडशी त्याचा मुक्त व्यापार करार लागू झाला. लोणी आणि चीज यांवरचे शुल्क 5 वर्षांत संपवायचे, मेंढीच्या मांसाला 15 वर्षे कोटा ठेवायचा, असे त्यात ठरले. आणि या वेळी तक्रार ब्रिटनच्या मेंढपाळांची होती.