लिथियम बॅटरी : निगा व साठवण (खानदेश)

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत लिथियम बॅटरी आता पाठीवरच्या फवारणी पंपात, ई-रिक्षात आणि घरच्या इन्व्हर्टरमध्येही सापडते. लोह-फॉस्फेट प्रकारच्या एका सेलचे व्होल्टेज ३.२, चार सेल जोडले की १२.८, पण बाजारात तिला बारा व्होल्टचीच म्हणतात. सेल ३.६५ व्होल्टच्या वर चढू नये आणि २.५ च्या खाली उतरू नये, ही राखण आतले बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) सर्किट करते.

खानदेशातली खरी अडचण वापराची नाही, विसाव्याची आहे. कपाशीची फवारणी पावसाळ्यात होते. हंगाम सरला की धुऊन ठेवलेला पंप पुढच्या पावसाळ्यापर्यंत हलत नाही. मध्ये येतो तो जळगाव-भुसावळचा मे महिना, पारा ४५ अंशांच्या आसपास आणि पत्र्याखालच्या फळीवर त्याहूनही वर. अशा उन्हात फुल चार्ज बॅटरी सर्वांत लवकर म्हातारी होते. ढोबळ हिशेबाने दर १० अंशांमागे झीज दुप्पट.

जुनी सवय इथे नडते. शिसे-आम्लाची बॅटरी भरून ठेवायची आणि तिचे डिस्टिल्ड वॉटर बघायचे, हे घरोघर पाठ आहे. लिथियमला पाणी लागत नाही. ती ४० ते ६० टक्के भरूनच ठेवावी, पंपाची वायर सोडवून. टर्मिनलवर औषधाच्या ओघळांचा हिरवट थर असेल तर कोरड्या फडक्याने पुसावा. जागा म्हणून जुन्या धाब्याच्या घरातला मातीच्या भिंतीतला कोनाडा उत्तम. फक्त त्याच खोलीत, भाव येईल या आशेने, छतापर्यंत कापूस रचलेला नसावा. दुर्दैवाने बहुधा तो तिथेच असतो. रात्रभर चार्जिंगही त्या खोलीत नको.

फुगलेली बॅटरी टोचू नये, चार्जही करू नये. उघड्यावर, जळण्याजोग्या वस्तूंपासून दूर ठेवावी आणि जुन्या बॅटऱ्या परत घेणाऱ्याकडे द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी परत घेण्याची ही जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पेटलीच, तर धुरापासून लांब राहावे. वाळूने ज्वाळा दबली तरी आतली उष्णता उतरत नाही. त्याला भरपूर पाणीच लागते.

पडून असतानाही बीएमएस थोडी वीज खातेच, म्हणून दोन-तीन महिन्यांनी मीटर लावून पाहावे. पावसाळ्याच्या तोंडावर पंप काढला आणि चार सेलांवर मिळून १० व्होल्टही भरले नाहीत, तर चार्जर जोडू नये. इतक्या खाली गेलेल्या सेलमध्ये तांबे विरघळून आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती असते.