पोर्शे ९१७

दीर्घ पल्ल्याच्या मोटारशर्यतींसाठी पश्चिम जर्मनीतील पोर्शे कंपनीने १९६८-६९ मध्ये विकसित केलेली गाडी. पाच लिटरपर्यंतच्या इंजिनांच्या वर्गासाठी किमान उत्पादनाची अट १९६८ मध्ये ५० गाड्यांवरून २५ वर आणण्यात आली, तेव्हा पोर्शेचे अभियंता फेर्डिनांड पिएख यांच्या नेतृत्वाखाली हे काम सुरू झाले. मार्च १९६९ मध्ये बहुतेक गाड्या अर्धवट जोडलेल्या आढळल्याने आंतरराष्ट्रीय मोटारक्रीडा संघटनेच्या तपासनिसांनी शर्यतीसाठीची मान्यता नाकारली. त्यानंतर एप्रिलमध्ये (बहुधा २१ तारखेस) श्टुटगार्टच्या कारखान्यात २५ गाड्या ओळीने उभ्या करून दाखविण्यात आल्या.

हान्स मेत्सगर यांनी आखलेले बारा सिलिंडरांचे इंजिन ४,४९४ घ. सेंमी. क्षमतेचे असून हवेने थंड होणारे होते. त्याला पुष्कळदा ‘बॉक्सर’ (समोरासमोरचे पिस्टन परस्परविरुद्ध दिशांनी सरकणारे इंजिन) म्हटले जाते, ते काटेकोर नव्हे. समोरासमोरचे दोन पिस्टन एकाच क्रँकपिनवर (क्रँकशाफ्टवरील खुंटीवर) जोडलेले असल्याने ते एकाच दिशेने सरकतात, म्हणून त्यास १८० अंशांचे व्ही इंजिन म्हणणेच योग्य. लांब क्रँकशाफ्टला (पिस्टनांच्या गतीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) पीळ बसून होणारी कंपने टाळण्यासाठी शक्ती तिच्या टोकाऐवजी मध्यावरून दंतचक्रांद्वारे घेतली होती. ॲल्युमिनियम नळ्यांच्या सांगाड्यात दाबाखाली वायू भरलेला असे. दाब उतरला की कोठेतरी तडा गेल्याचे कळे. वजन वाचविण्यासाठी गिअरच्या दांड्याची मूठसुद्धा बाल्सा लाकडाची होती.

इंजिन भक्कम असले, तरी अतिवेगात गाडी रस्त्यावर स्थिर राहत नसे. १९६९ च्या ल मां (फ्रान्स) येथील २४ तासांच्या शर्यतीत पहिल्याच फेरीत जॉन वुल्फ यांचा ९१७ चालविताना मृत्यू झाला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ऑस्ट्रियातील त्सेल्टवेग येथे झालेल्या चाचणीत शेपटीचा आकार बदलण्यात आला, मात्र त्याचे श्रेय वादग्रस्त आहे. पोर्शेच्या गाड्या शर्यतीत उतरविणाऱ्या जॉन वायर यांच्या संघाचे अभियंता जॉन हॉर्समन यांच्या सांगण्यानुसार गाडीच्या पुढच्या भागावर चिलटे चिकटून मेलेली होती, पण शेपटीवर जवळजवळ नव्हती; म्हणजे हवेचा झोत शेपटीला लागतच नव्हता. त्यावरून पत्रे बसवून आखूड, वर उचललेली शेपटी जागच्या जागी तयार केली गेली. काही लेखक त्याच चाचणीतील पोर्शेच्या छतविरहित गाडीच्या स्थिरतेला अधिक महत्त्व देतात. दोन्ही गोष्टी एकमेकींना बाधक नाहीत, तथापि चिलटांचा पुरावा अधिक थेट वाटतो.

या फेरबदलातून ९१७के (आखूड शेपटीचे) हे रूप सिद्ध झाले. १९७० मध्ये हान्स हेरमान व रिचर्ड ॲटवुड यांनी पोर्शेला ल मांचे सर्व वर्गांतील पहिले एकंदर विजेतेपद मिळवून दिले. १९७१ मध्ये हेल्मुट मार्को व खीस फान लेनेप यांनी मॅग्नेशियमच्या सांगाड्याच्या गाडीने ५,३३५ किमी. अंतर कापले, तो विक्रम २०१० पर्यंत टिकला. १९७२ पासून इंजिनावर तीन लिटरची मर्यादा आल्यावर टर्बोचार्जर (इंजिनात दाबाखाली जादा हवा भरणारे यंत्र) लावलेले प्रकार उत्तर अमेरिकेतील कॅन-ॲम शर्यतींत उतरविण्यात आले.