फोटो राहिला, चित्र उरलं

सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव यांच्या छातीवर कॅमेरा होता आणि त्याचं बटण मांडीपाशी. १८ मार्च १९६५ रोजी वोस्खोद-२ यानाबाहेर सुमारे पाच मीटरच्या दोराला बांधून घेऊन तरंगणाऱ्या या पहिल्या माणसाचा हात त्या बटणापर्यंत पोहोचलाच नाही. स्पेससूट फुगला होता. बोटं हातमोज्यांच्या टोकांपासून मागे सरकली होती, पाय बुटांतून सुटले होते.

सूटमधला दाब ०.४ वातावरण होता, म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या दाबाच्या निम्म्याहूनही कमी. पण बाहेर निर्वात पोकळी. त्यामुळे आतली हवा सूटच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे ४०० ग्रॅम वजनाच्या जोराने बाहेर रेटत होती. तळहाताएवढ्या तुकड्यावर हा रेटा ४० किलोच्या घरात जातो. सायकलची ट्यूब गच्च भरून मुडपून पाहा. वाकलेल्या ठिकाणी आतली जागा आक्रसते, हवा दाबली जाते आणि ट्यूब पुन्हा सरळ व्हायला बघते. लिओनोव यांना कोपर, गुडघा, बोटाचं पेर, प्रत्येक सांध्याशी हीच झुंज द्यावी लागत होती.

बाहेर ते १२ मिनिटं ९ सेकंद होते. परतायचं होतं 'वोल्गा' नावाच्या फुगवता येणाऱ्या अरुंद एअरलॉकमधून, म्हणजे यान आणि बाहेरची पोकळी यांच्यामधल्या दोन झाकणांच्या कप्प्यातून. (यानातली उपकरणं हवेवर थंड होत, म्हणून केबिन निर्वात करून थेट दार उघडायची सोय नव्हती.) आधी पाय आत घालायचे ठरलं होतं, पण फुगलेल्या सूटमध्ये ते जमेना. तेव्हा जमिनीवर कुणाला न विचारता त्यांनी झडप उघडून सूटमधली हवा सोडायला सुरुवात केली.

यात मोठा धोका होता. दाब एकदम उतरला की रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यावर होतात तसे, आणि ते जिवावर बेततं. मात्र बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन घेतल्याने शरीरातला बराच नायट्रोजन निघून गेला असणार, हे त्यांना ठाऊक होतं. घामाने निथळत असताना सुचलेला हा हिशेब मला त्या सगळ्या मोहिमेतली सर्वांत थोर गोष्ट वाटते. दाब ०.२७ पर्यंत उतरला, ते डोक्याकडून आत शिरले आणि त्या चिंचोळ्या जागेत उलटे वळून त्यांनी झाकण लावलं.

परतीच्या वेळी स्वयंचलित यंत्रणा बिघडली. यानाचे कमांडर पावेल बेल्यायेव यांनी यान हाताने उतरवलं, ते ठरल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर, उरल पर्वताजवळच्या बर्फाळ जंगलात. तिथे दोघांनी दोन रात्री काढल्या.

लिओनोव पुढे आठवण सांगत, ती बाहेरच्या शांततेची: स्वतःचा श्वास आणि हृदयाचे ठोके, बाकी काही नाही. आणि पृथ्वी खरोखर गोल दिसते, याचीही. ते चित्रकार होते. रंगीत पेन्सिली हरवू नयेत म्हणून त्या दोऱ्यांनी बांधून त्यांनी सोबत नेल्या होत्या. यानात परतल्यावर त्यांनी कक्षेतून दिसणारा सूर्योदय रेखाटला. अवकाशात काढलेलं हे पहिलं चित्र. क्षितिजालगत पातळ लाल पट्टा, मग निळा, मग थेट काळं आकाश. खालच्या दाट हवेतून तिरका येणारा प्रकाश आपली निळाई वाटेतच विखरून टाकतो, म्हणून तळाशी लाल उरतो. वर हवा विरळ होत जाते आणि विखरायला काहीच उरत नाही तिथे काळोख सुरू होतो.

जुलै १९७५ मध्ये सोव्हिएत सोयूझ आणि अमेरिकी अपोलो यानं कक्षेत जोडली गेली, तेव्हा सोयूझचे कमांडर लिओनोवच होते. चित्रकलेचं सामान तेव्हाही सोबत होतं. अमेरिकी अंतराळवीरांची व्यक्तिचित्रं त्यांनी काढली.