लिहायचं उजवीकडून, वाचायचं डावीकडून

अंध मुलांच्या वर्गात आता लॅपटॉप आणि बोलणारे मोबाईल दिसतात, छानच आहे, पण हे सगळं सुरू झालं ते एका पाटीपासून. ब्रेलची पाटी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, दोन पट्ट्यांमध्ये जाड कागद अडकवायचा आणि स्टायलसने म्हणजे टोकदार दाभणाने एकेक टिंब टोचायचं, टिंब उठतं मागच्या बाजूला म्हणून लिहायचं उजवीकडून आणि कागद उलटून वाचायचं डावीकडून. सहा-सात वर्षांचं पोर हे बोटांनी शिकतं, मला अजूनही बघताना भरून येतं.

लुई ब्रेलने फ्रान्समध्ये ही लिपी १८२४ च्या सुमारास बनवली, तेव्हा तो जेमतेम पंधरा वर्षांचा. आपल्याकडे बराच काळ प्रत्येकाचा कोड वेगळा, १९५१ ला भारती ब्रेल ठरलं आणि सगळ्या भाषांना एकच पाया मिळाला. आपण 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढतो, ब्रेलमध्ये आधी क मग इ, म्हणजे बोलतो अगदी तसंच. त्याच सुमारास अमेरिकेत पर्किन्स ब्रेलर हे ब्रेलचं टाईपरायटर आलं, ब्रेलचं अक्षर एक ते सहा नंबरच्या टिंबांतून बनतं, त्या सहा टिंबांच्या सहा कळा, हव्या त्या एकदम दाबल्या की अक्षर तयार आणि कागद उलटायची गरज नाही.

कॉम्प्युटर आले तरी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर, महाग होती, म्हणून २००६ मध्ये मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट द्यायचा म्हणून बनवायला घेतला, याचं मोल शब्दात सांगता येत नाही. पण मराठीत वेगळंच दुखणं निघालं. आपली कितीतरी पुस्तकं जुन्या फॉन्टमध्ये टाईप झालेली, डोळ्याला मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरं, स्क्रीन रीडर ती वाचायला गेला की नुसती बडबड ऐकू येते. युनिकोड वापरा, त्यात मराठी अक्षर आतूनही मराठीच राहतं, असं आम्ही कळवळून सांगतो ते यासाठीच. २०१२ च्या कॉपीराईट दुरुस्तीने पुस्तकं अपंगांसाठी वाचता येतील अशी करायला मोकळीक दिली, २०१६ ला सुगम्य पुस्तकालय हे अशा पुस्तकांचं ग्रंथालय ऑनलाईन आलं, तेव्हा कुठे पुस्तक मिळवण्याची वणवण जरा कमी झाली.

आणि तरी पाटी सुटत नाही. नुसतं ऐकून शिकलेलं मूल 'आणि' आणि 'पाणी' दोन्हीकडे तीच णी लिहितं, कारण कानाला फरक लागतच नाही. ब्रेलमध्ये ऱ्हस्वाला दोन-चार नंबरची टिंबं, दीर्घाला तीन-पाच, बोट फिरवलं की लगेच कळतं. मग लॅपटॉप बाजूला ठेवून आम्ही परत पाटी काढतो.