पगार वाढला की बेकारी भत्ता बुडतो?

लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत चहाच्या टपरीवर वर्षानुवर्षं ऐकू येतं: किमान वेतन वाढलं की ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) तुटतं, नोकरी गेल्यावर दमडीही मिळत नाही. उलट आहे!

ईएसआयसीची पगार-मर्यादा 2017 पासून महिना 21,000 रुपये. पगार 13 हजारांचा 14 हजार झाला तर काय बिघडलं? मर्यादा मध्येच ओलांडली, तरी चालू सहामाही वर्गणी-काळ संपेपर्यंत (सप्टेंबर किंवा मार्च) संरक्षण राहतं.

ईएसआयसीच्याच 2018 च्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेकारी भत्ता मिळतो तो सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मा, जास्तीत जास्त 90 दिवस. सुरुवातीला तो 25 टक्केच होता. सरासरी 400 ची 460 झाली, तर 200 चे 230. सरासरी मागच्या कमाईची, म्हणून पगारवाढ भत्त्यात हळूहळू दिसते. खरी मेख वेगळीच: भत्ता आयुष्यात एकदाच.